विहीणबाईंचा कागद

"या पत्त्याचे कागद मागच्याच आठवड्यात केले की मी," बँकेतले साहेब म्हणाले आणि तिच्या पासपोर्टच्या झेरॉक्सवर टेकवलेलं पेन त्यांनी पुन्हा उचललं. तिला वाटलं, काहीतरी चुकलं. टेबलापलीकडच्या माणसाने पेन उचललं की तिला आयुष्यभर असंच वाटत आलं होतं. तिने मुलाने पाठवलेली यादी पुढे सरकवली. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, राहत्या पत्त्याचा पुरावा, सगळ्यांवर बँकेच्या अधिकाऱ्याची सही, नाव, हुद्दा, शिक्का, तारीख. मूळ कागद अधिकाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले हवेत. साहेबांनी यादीकडे बघितलंही नाही. त्यांना सर्दी झाली होती. एका हातातला रुमाल नाकाला लावून दुसऱ्या हाताने ते मुलाच्या पत्रावरचा परदेशातला पत्ता दाखवत होते. "हाच तो. रस्त्याचं नाव असं मैलभर लांब आहे म्हणून लक्षात राहिलं. उंच बाई होत्या, केस बारीक कापलेले. काय गमतीदार बाई हो! मी फोटो आणि चेहरा ताडून बघतोय, तर म्हणतात, साहेब, बिनधास्त करा सही, प्रत खरी आहे, मूळच बिघडलंय." साहेब हसले आणि हसता हसता शिंकले. शेजारच्या खिडकीतली मुलगीही आठवून हसली. "मुलीच्या बाळंतपणाला चालल्यात ना? तुमच्या कोण त्या?"

"विहीणबाई," ती म्हणाली.

बाळंतपणाला चालल्यात. म्हणजे ठरलंय. तिला मुलाने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "आई, कागद तयार ठेव, कधीही लागतील." त्या 'कधीही'चा अर्थ तिने आपल्या सोयीने लावला होता. गेले दोन महिने ती जुन्या मऊ सुती कापडाचे चौकोन कापून त्यांच्या कडा शिवत बसली होती. साठ झाले होते. साहेबांनी तिला चष्मा काढायला लावला, एकदा फोटोकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि सही केली. तिच्या बाबतीत एक नजर पुरली. गंमत नाही, काही नाही. शिक्का पडला, तारीख पडली, आणि मग त्यांनी खणातून एक कागद काढला. "बरं झालं तुम्ही आलात. त्यांनी दोन संच केले होते, त्यातलं फोटोचं पान इथंच राहिलं. फोन लावला तर उचलत नाहीत. द्याल का त्यांना?"

"देते की," ती म्हणाली. तेव्हा ती खरंच देणार होती.

विहीणबाईंचं घर तिच्या घराच्या पुढे दोन थांब्यांवर होतं. बसमध्ये तिने पर्स मांडीवर घट्ट धरली होती आणि आतला कागद पर्सच्या कातड्यातून मांडीला लागतोय असं तिला वाटत होतं. आपला थांबा आला तशी ती उठली आणि उतरली. उतरल्यावर लक्षात आलं की आपण उतरलो. उद्या देऊ, गुडघे दुखताहेत, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि गुडघे खरोखरच दुखायला लागले. विहीणबाईंचे गुडघे दुखत नसत. त्या पोहायला जायच्या. त्यांनी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं होतं, अजून घरी मुलं शिकायला यायची, आणि गाडी त्या स्वतः चालवायच्या, एका हाताने, दुसरा हात बोलण्यासाठी मोकळा ठेवून. पहिल्या भेटीतच त्यांनी तिला 'ताई' म्हटलं होतं. तिला ते लागलं होतं. काय म्हणून ताई? कोण मोठं, कोण लहान, हे न विचारता ठरवून टाकलं. आणि मुलगा. मुलगा आधी त्यांना काकू म्हणायचा. मग लग्न झालं, सहा महिने गेले, आणि एक दिवस जेवताना सहज म्हणाला, "मम्मी सांगत होत्या, त्या गल्लीत आता एकेरी वाहतूक झालीय." तिने विचारलं, "कोण मम्मी?" तो हसला, पोळीचा घास तोंडात तसाच. त्याला कळलंच नाही की ती खरंच विचारतेय. तो आधी एकटाच परदेशी निघाला त्या दिवशी विमानतळावर जायला विहीणबाईंची गाडी होती, म्हणून मागच्या सीटवर ती आणि बॅगा, आणि पुढे तो आणि विहीणबाई. निघताना त्याने तिला मिठी मारली. मग विहीणबाईंना मारली. दुसरी मिठी जास्त वेळ टिकली. तिने मोजलं नव्हतं, पण टिकली. विहीणबाईंनी काहीतरी त्याच्या कानात सांगितलं आणि तो हसत हसत आत गेला, आणि त्या हसण्यापायी तो मागे वळून बघायचं विसरला.

घरी येऊन तिने कागद टेबलावर ठेवला. झेरॉक्स काळी आली होती. विहीणबाईंचा चेहरा अर्धा अंधारात होता, नाक आणि कपाळ तेवढं उजळलं होतं. शिक्क्याची गोल कड गालावरून गेली होती आणि खाली साहेबांच्या तिरप्या अक्षरात: मूळ पाहिले, प्रत खरी. तिने कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. ती सवय होती. एकतीस वर्षं तिने रुग्णालयात एक्स-रे काढले होते. फिल्म हातात आली की ती उजेडाकडे जायचीच. जन्मतारीख वाचली. विहीणबाई तिच्याहून चार महिन्यांनी लहान निघाल्या. म्हणजे 'ताई' बरोबरच होतं. आता तोही राग हातचा गेला.

एक्स-रेच्या खोलीत आलेल्या प्रत्येक बाईला आधी विचारायचं असायचं, दिवस गेलेत का? बायका लाजायच्या, काही रागवायच्या, एक तर तिथेच रडायला लागली होती. तिला स्वतःला दिवस गेले तेव्हा तिला यंत्रापासून काढून तळघरातल्या जुन्या फिल्मांच्या खोलीत बसवलं होतं. सात महिने ती तिथे दुसऱ्यांच्या फासळ्यांच्या चळती लावत बसली आणि वर तिच्या जागी आलेली नवी मुलगी सगळ्यांची लाडकी झाली. तेव्हाही तिला असंच व्हायचं, छातीच्या मध्यभागी, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी. पण तेव्हा पोटात मुलगा होता. तो लाथ मारायचा आणि ती म्हणायची, जाऊ दे, मरू दे ते यंत्र. आता पोटात कोणी नव्हतं.

खरं म्हणजे तिला एवढंच हवं होतं, की ते मूल आपण आधी बघावं. हे तिने कोणाला सांगितलं नसतं, ऐकायला पोरकटच वाटलं असतं. पण सगळी नोकरी तिने आधी बघण्यातच काढली होती. डॉक्टरांच्याही आधी, रोग्याच्याही आधी. मोडलेलं हाड, पाठीच्या मणक्यातली झीज, लहान मुलीच्या फुप्फुसात अडकलेली टाचणी. आणि बघून गप्प बसायचं. माणूस शर्टाची बटणं लावत विचारायचा, "बाई, ठीक आहे ना?" आणि ती म्हणायची, "डॉक्टर सांगतील." नवऱ्याचा खोकला दोन महिने गेला नाही तेव्हा तिने त्याला आपल्याच यंत्रासमोर उभं केलं होतं. त्याची हनुवटी तिने स्वतः फळीवर टेकवली, खांदे पुढे घेतले. तो गंमत करत होता, "आतलं काळीज दिसतं का गं? बघ, तुझं नाव आहे का." फिल्म उजेडात धरली आणि तिला उजवीकडची ती सावली दिसली, लिंबाएवढी. बाहेर तो बटणं लावत होता. "काय, ठीक आहे ना?" त्यालाही ती म्हणाली, "डॉक्टर सांगतील." त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तिला वाटायचं, इतकं वाईट आपण सगळ्यांच्या आधी बघितलं, आता एक चांगलं आधी बघायचा आपला नंबर आहे. नंबर कोणी ठरवतं का? ठरवत नाही. पण रांगेत उभ्या माणसाला तसं वाटतंच.

संध्याकाळी तिने मुलाला फोन केला. कागद झाले, म्हणाली. मग म्हणाली, "विहीणबाईंचेही झाले म्हणे." "अगं, सांगणारच होतो, आई. एका वेळी एकालाच बोलावता येतंय. आधी तीन महिने मम्मी येतील. मग तू. तोवर इथली थंडीही कमी होईल, तुझे गुडघे..." "माझे गुडघे बरे आहेत," ती म्हणाली. "आई, हिला पहिल्यांदा तिची आई हवी असणार ना गं. तू समजून घे." ती म्हणाली, "समजलं की." आणि तिला खरंच समजलं होतं, शब्द न् शब्द. पण समजल्याने काही हलत नव्हतं. समजणं डोक्यात होतं आणि ते दुसरं छातीत होतं, आणि दोघांची ओळखदेख नव्हती. फोन ठेवल्यावर तिने तो कागद एक्स-रेच्या जुन्या तपकिरी पाकिटात घातला, कपाटात उभा ठेवला, आणि कपाटाला किल्ली लावली. घरात ती एकटीच होती. किल्ली कोणासाठी लावली, हे तिला सांगता आलं नसतं.

गुरुवारी सकाळी विहीणबाईंचाच फोन आला. "ताई, झाले का तुमचे कागद? माझा मात्र घोळ झालाय बघा. व्हिसाच्या कचेरीत अर्ज द्यायला गेले, त्यांनी पासपोर्ट जमा करून घेतला, आणि मग म्हणतात, फोटोच्या पानाची सहीशिक्क्याची प्रत कुठाय? उद्या पाचपर्यंत आणून द्या म्हणे. एक संच पोरीकडे पाठवून दिलाय, आणि आता पासपोर्ट त्यांच्याकडे, नवी प्रत करू कशाची? करायची तर अर्ज मागे घ्या, पुन्हा नंबर लावा, म्हणजे गेला महिना. आणि पोरीला डॉक्टरांनी सांगितलंय, पंधरा दिवस आधीही होऊ शकेल. मी सगळं घर उलटंपालटं केलं. बसमध्ये पडलं की काय कोण जाणे, त्या दिवशी नेमकी गाडी नव्हती." आवाज नेहमीचाच होता, घाईचा, पण खाली कुठेतरी थरथरत होता. विहीणबाईंचा आवाज थरथरू शकतो हे तिला माहीत नव्हतं. ऐकताना तिला बरं वाटलं. हे मात्र तिला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिलं, की त्या क्षणी बरं वाटलं होतं, उन्हातून सावलीत आल्यासारखं. "तुम्ही गेला होतात ना त्याच शाखेत? तिथे राहिलं असेल का हो? काही बोलले का?"

"नाही बाई," ती म्हणाली. "मला कुठे काय बोलतात."

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली, पातेल्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला आणि चहाचा डबा हातात धरून उभी राहिली. पाणी आटून पातेलं करपायला लागलं तेव्हा तिने गॅस बंद केला. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. 'डॉक्टर सांगतील' हे खोटं नव्हतं, डॉक्टर खरंच सांगायचे. हे खोटं होतं. आणि इतकं खुळं खोटं, की विहीणबाई उद्या त्या सर्दीवाल्या साहेबांना जाऊन विचारतील आणि ते क्षणात सांगतील. चोराला पळवाट तरी असते. तिने स्वतःलाच कोंडून घेतलं होतं. शुक्रवारी सकाळी तिने पाकीट काढलं, चांगली साडी नेसली, चपला घातल्या आणि थांब्यापर्यंत गेली. काय सांगायचं? पर्समध्ये खाली राहिलं होतं, आत्ता दिसलं. वय झालं, लक्षात राहत नाही. बस आली. दार उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, "येताय का आजी?" आजी. तो शब्द ऐकून तिचे पाय जागच्या जागी थांबले. बस गेली. ती घरी परतली, आणि साडी न बदलता खुर्चीत बसून राहिली, पाकीट मांडीवर, एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकासारखी.

तीन वाजता बेल वाजली. दारात विहीणबाई होत्या. हातात गाडीची किल्ली, कपाळावर घाम.

"पाणी द्या आधी," त्या म्हणाल्या.

त्यांनी उभ्यानेच सगळं पाणी प्यायलं आणि पेला टेबलावर ठेवला. मग बसल्या. तिच्या साडीकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं.

"बँकेत जाऊन आले. साहेब म्हणाले, तुमच्या विहीणबाईंकडे मंगळवारीच दिलं. म्हणाले, पोचलं नाही का?" त्या थांबल्या. "मी काय म्हणाले असेन?"

ती पाकिटाची दुमडलेली कड बोटाने सरळ करत राहिली.

"मी म्हणाले, पोचलं की, मीच कुठेतरी ठेवलं आणि विसरले. गणिताची बाई मी. त्या शिंकणाऱ्या माणसासमोर वेंधळी ठरून आले." किल्ली त्यांनी टेबलावर जोरात ठेवली. "फाडलं तर नाही ना?"

"नाही."

तिने पाकीट पुढे केलं. विहीणबाईंनी कागद काढून बघितला, शिक्का बघितला, परत आत घातला. आता त्या उठतील आणि जातील असं तिला वाटलं. त्या उठल्या नाहीत.

"का, ते तरी सांगा."

"मला आधी जायचं होतं."

"मग तसं म्हणायचं."

"म्हटलं असतं तर दिलं असतं तुम्ही?"

विहीणबाई विचार करत होत्या, उदाहरण पुन्हा पहिल्यापासून तपासावं तसं. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, ती पीं पीं करत राहिली. "नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "नसतं दिलं. पोर माझी आहे. परवा फोनवर रडत होती, आई, मला भीती वाटते. मी तुम्हाला नसतं जाऊ दिलं. हातापाया पडला असतात तरी." मग म्हणाल्या, "पण कागद नसता लपवला मी." आणि जरा वेळाने, खिडकीकडे बघत, "बहुतेक."

तिला हसू आलं. विहीणबाईंना आलं नाही.

"तुम्ही कोणाला सांगणार आहात?" तिने विचारलं.

"कोणाला सांगू? जावयाला? त्याला सांगितलं तर तो तुम्हाला माफ करेल आणि स्वतःला खात बसेल. ओळखते मी त्याला." 'ओळखते मी त्याला' हे तिच्या काळजात सरळ गेलं, अशा अवस्थेतही. "नाही सांगणार. पण ताई, मी विसरणारही नाही. तसली मोठ्या मनाची मी नाही." त्या उठल्या, किल्ली घेतली. दारापाशी थांबल्या. "साडेतीन वाजत आलेत. त्या कचेरीपाशी गाडी लावायला जागा नसते. तुम्ही येता? मी आत जाईन, तुम्ही गाडीत बसा, कोणी हटकलं तर सांगा, पाचच मिनिटं."

ती गेली. चांगली साडी नेसलेलीच होती. पुढच्या सीटवर बसली, जिथे त्या दिवशी मुलगा बसला होता. वाटेत विहीणबाईंचे दोन्ही हात चाकावर होते. कचेरीसमोर त्या उतरून धावतच आत गेल्या, आणि ती गाडीत बसून राहिली. काच वर होती, आत उकडत होतं. वाहतुकीचा पोलीस आला, त्याने काचेवर टकटक केलं. "कोणाची गाडी?"

"माझ्या विहीणबाईंची," ती म्हणाली. "येताहेतच. महत्त्वाचा कागद द्यायला गेल्यात."

विहीणबाई त्यानंतर बरोबर सोळाव्या दिवशी परदेशी गेल्या. तिने त्यांच्याबरोबर ते साठ चौकोन दिले, विहीणबाईंनी ते मोजून नाही, नुसते हात फिरवून घेतले आणि म्हणाल्या, "शिवण बारीक आहे तुमची." या वेळी विमानतळावर मिठ्या झाल्या नाहीत. पुढचे आठ दिवस ती रोज सकाळी तिकडची वेळ काढायची आणि विचार करायची, आता त्या सुनेच्या डोक्याला तेल लावत असतील, आता माझ्या मुलाला चहा देत असतील, तो 'मम्मी, साखर कमी' म्हणत असेल. हेवा गेला नव्हता. उलट त्यात आता एक नवं मिसळलं होतं, ते जास्त कडू. आपलं गुपित त्या बाईजवळ आहे आणि ती ते सांभाळते आहे. आपण तिच्या जागी असतो तर सांभाळलं असतं का, हे तिला छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. आधी विहीणबाईंचा पोहण्याचा, गाडीचा, मुलाच्या मिठीचा हेवा वाटायचा. आता त्यांच्या गप्प राहण्याचा वाटायला लागला. ते तर तिचं स्वतःचं काम होतं, एकतीस वर्षांचं.

नवव्या दिवशी सकाळी, ती दूध तापवत असताना, फोन वाजला. पडद्यावर आधी मुलगा दिसला, न झोपलेला, दाढी वाढलेली. "आई, मुलगी झाली. दोघी छान आहेत." तो बाजूला झाला, फोन कोणाच्या तरी हातात गेला, छत दिसलं, दिवा दिसला, आणि मग पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी, लालसर, पुसट. डोक्याखाली एक हात होता, शिरा उठलेला, नखं बारीक कापलेली. विहीणबाईंचा हात. कसा धरलाय, किती सराईतपणे, मान बरोबर पेलून. तिच्या छातीत तीच जागा दुखली, तशीच, जरासुद्धा कमी नाही.

"ताई," विहीणबाईंचा आवाज आला. त्या स्वतः दिसत नव्हत्या. आवाज दमलेला होता. "दिसतंय ना नीट?"

हो म्हणावं, असं तिच्या मनात आलं. कोणाकडे काही मागायची वेळ येऊ नये, अशीच ती आजवर जगली होती. दूध उतू जाऊन गॅसवर चरचरत होतं.

"नाही हो," ती म्हणाली. "जरा जवळ घ्या."

हात हलला. तोंड मोठं झालं, मिटलेले डोळे, चिमटीएवढं नाक.

"आता?"

"अजून जवळ."